शिकाऊ शिक्षकांची शाळेबाहेरची उमेदवारी



शिक्षकांच्या शिक्षणावर बोलायचे म्हटले की फळा, खडू, पाठाचे टाचण आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले पाठनिरीक्षक ही मंडळी डोळ्यांपुढे उभी राहतात. आज त्या सर्वांना आम्ही रजा दिली आहे. शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणतरुणींनी काही दिवस जेथे घंटा वाजत नाही अशा ठिकाणी उमेदवारी करावी, आणि ती त्यांना नीट लावून कशी द्यावी, एवढाच आजचा विषय आहे. त्याचा निम्मा भार आपल्यासारख्या नागरिकांवर पडतो, म्हणून तो अध्यापक महाविद्यालयाच्या सभागृहात न बोलता येथे बोलण्याचे आम्ही योजिले.

कल्पना नवी नाही. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली, तेव्हाच शाळा आणि गाव यांची गाठ घालण्याचा विचार झाला होता. तथापि आम्हाला त्याहून जवळचे उदाहरण वाटते ते ताराबाई मोडक यांचे. शहरांतल्या बालशिक्षणात नाव मिळवल्यावर १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम मांडले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. मुले बालवाडीकडे येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुले गुरांमागे जात, तर शाळा कुरणावर गेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द असे जन्माला आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचले. मूल जेथे आहे तेथे जाऊन आधी पाहिले, म्हणून ही पद्धत सुचली. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आली नव्हती.

आता आपल्या प्रशिक्षणात काय घडते ते पाहा. २०१४ च्या नियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि शाळेतील उमेदवारीला किमान २० आठवडे दिले; ४ पहिल्या वर्षी, १६ दुसऱ्या वर्षी. समाजात मिसळण्याची अपेक्षाही त्या अभ्यासक्रमात आहे. पण पुष्कळ ठिकाणी ती एका दिवसात उरकते. सकाळी प्रभातफेरी, मग झाडू मारणे, चार रोपे लावणे, फलक धरून छायाचित्र, आणि अहवालावर सही. याला आम्ही उमेदवारी म्हणत नाही, सहल म्हणतो; आणि सहलीत निदान जेवण तरी बरे असते.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते मुलाचे. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे आणि मागे पडलेला अभ्यास विशेष शिक्षण देऊन भरून काढावा, असे तो सांगतो. तेव्हा अकरा वर्षांची एखादी मुलगी पाचवीत येऊन बसते; तिचे मागचे दोन हंगाम उसाच्या फडावर गेलेले असतात. ज्या शिक्षकाने गणवेशातले मूलच तेवढे पाहिले आहे, तो तिला पहिल्या आठवड्यात मठ्ठ ठरवतो. पुढच्या हंगामात ती आईबरोबर निघून गेली, तर त्याला आश्चर्य वाटत नाही, आणि दुःखही होत नाही.

म्हणून ऊसतोड कामगारांच्या तळाचेच उदाहरण घेऊ. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या आणि इतर कोरडवाहू भागांतल्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, तेव्हा परत फिरण्याची सोय नसते. कारखान्याच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. मोठी माणसे पहाटे अंधारात फडावर जातात आणि गाडी भरायला आली तर रात्रीही उठतात. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकऱ्या थापते. येथे शिकाऊ शिक्षकाला अकरा ते पाच या कचेरीच्या वेळेत पाठवून उपयोग नाही. मुलाची मोकळी वेळ कोणती, हे कोपीतल्या आईला विचारावे लागते, आणि ती वेळ बहुधा दिवेलागणीची निघते. मुलगी कडेवरच्या भावासह येणार, हेही धरून चालावे लागते. अशा ठिकाणी चार संध्याकाळी बसलेल्या शिक्षकाला कळते की, मोळ्या तोंडी मोजणारे मूल फळ्यावरच्या वजाबाकीला अडते, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. त्या खुणांशी त्याची ओळखच झालेली नसते. ही गोष्ट व्याख्यानाने सांगता येते, पण पटत नाही.

व्यवस्था लावणाऱ्याने पहिला प्रश्न यजमानाला विचारावा: तुम्हाला कशाची गरज आहे? आमचे तीस विद्यार्थी कोठे खपवावेत, या प्रश्नापासून जी योजना सुरू होते ती फसतेच. एका अंगणवाडीत दोन विद्यार्थी पुरेत. तेथील सेविका एकाच वेळी पोषण आहार, वजनाची नोंद आणि मुलांचा गलका सांभाळीत असते. आठ पाहुणे आले तर तिचा दिवस पाहुण्यांतच जाईल. पहिला आठवडा विद्यार्थ्याने काही शिकवू नये. ज्या संस्थेत जायचे तेथे एका माणसाचे नाव ठरलेले असावे, आणि महाविद्यालयातील प्राध्यापकाने स्वतः निदान दोनदा जाऊन यावे; दूरध्वनीवरची भेट ही भेट नव्हे. बालगृहात जायचे असेल तर २०१५ चा बालन्याय कायदा विद्यार्थ्याला आधी समजावून द्यावा. मुलाची ओळख उघड करणे तेथे गुन्हा आहे. अहवालात नाव नको, छायाचित्र तर मुळीच नको. छायाचित्रावाचून अहवाल लिहायचा म्हटले की कित्येकांची लेखणीच थांबते, आणि आमच्या मते थांबली तर बरेच.

वस्तुसंग्रहालय आणि सार्वजनिक वाचनालय या त्या मानाने सोप्या जागा आहेत. तेथे मूल आपण होऊन आलेले असते, कंटाळले तर उठून जाते, आणि त्याला थांबवण्यासाठी शिक्षकापाशी हजेरीपट किंवा परीक्षा यांपैकी काहीच नसते. हा अनुभव प्रत्येक शिक्षकाने एकदा घ्यावा असा आहे.

आपल्यापैकी कोणी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर असतील, कोणाची इमारतींची कंत्राटे चालू असतील आणि त्या बांधकामावर मजुरांची मुले वाळूच्या ढिगावर खेळत असतील. त्यांच्याकडे आमचे मागणे पैशाचे नाही. एक सावलीची जागा, एक जबाबदार माणूस, आणि विद्यार्थी दोन दिवस आला नाही तर महाविद्यालयाला तसे स्पष्ट कळवण्याची तयारी, इतके पुरे. गोड शेऱ्याची दाखले आम्हाला नकोत. तसल्या दाखल्यांनी फायली भरल्या आहेत.

एक काम मात्र विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी केलेच पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की तळ उठतो. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी पत्रक काढले आहे. मूल कोणत्या शाळेचे, कोणत्या वर्गात, काय वाचू शकते, कोणती उदाहरणे त्याला येतात, हे विद्यार्थ्याने तळावरच्या शाळेतील गुरुजींजवळ बसून त्यात भरून घ्यावे, त्याची एक प्रत आईच्या हाती द्यावी, आणि गावच्या शाळेत ते कोणाला दाखवायचे हे तिला दोनदा सांगावे.