शेवटचा परिच्छेद झाका

श्रोतेहो, विषय दिलाय 'अनुभवलेखन', वेळ मोजकी, आणि मी बोलणार आहे फक्त त्याच्या शेवटाबद्दल. सुरुवात तुम्हाला येते. आजोळचा वाडा, पहिली नोकरी, आईचं आजारपण, सगळे छान लिहितात. स्पर्धांची पाकिटं माझ्याकडे वाचायला येतात, तेव्हा पहिली दोन पानं मी आवडीने वाचतो आणि शेवटच्या चार ओळींपाशी कपाळाला हात लावतो. तिथे हमखास लिहिलेलं असतं : या प्रसंगाने मला खूप काही शिकवलं.

अहो, काय शिकवलं ते आम्हाला वाचतानाच कळलं की!

आपल्याकडे पाहुणा उठतो. "बराय, निघतो," म्हणतो. चपला घालतो. आणि मग दारात पाऊण तास उभा. मुलांच्या परीक्षा, गुडघेदुखी, जमिनीची वाटणी. आत कुकरच्या शिट्ट्या होताहेत आणि घरची बाई हसरा चेहरा करून दाराला टेकलेली. बसून मारलेल्या गप्पा चांगल्या रंगल्या होत्या हो, पण रात्री जेवताना बोलणं निघतं ते त्या पाऊण तासाचं. तुमचा लेख असाच उंबऱ्यात उभा राहतो. निरोप केव्हाच घेऊन झालेला असतो, तीन वाक्यं आधी. तुम्हाला तेवढा पत्ता नसतो. दुसरे पाहुणे याच्या उलट. आपण आत चहा टाकतोय आणि हे न सांगता पसार! लेख मध्येच सोडतात आणि वर त्याला कलात्मक म्हणतात. त्यांच्यावरही बोलायचं होतं, पण ते थोडे आहेत, जाऊ द्या.

मग थांबायचं कुठे? विष्णुभट गोडसे आठवा, 'माझा प्रवास'. वरसईचा हा भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाला, कारण घरावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत बंड पेटलं. झाशी पडली तेव्हा हा झाशीत. मिळवलेलं लुटलं गेलं. वाचताना आपल्या मनात एकच घोर : हा घरी नेणार काय? तो नेतो गंगेची कावड, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतो. ज्यासाठी घर सोडलं त्याचा हिशेब तिथे मिटतो. पैशांत मिटत नाही, तरी मिटतो. तुम्हीही सुरुवातीला वाचकाला कसला घोर लावलात ते आठवा आणि त्याचं उत्तर द्या. उत्तर म्हणजे एखादी वस्तू, एखादी कृती, कुणाचं बोलणं. शिकवण नको. पुन्हा सांगतो, कारण रेडिओ चालू ठेवून तुम्ही भाजी निवडत असाल : शिकवण नको.

कुणी म्हणेल, आयुष्य अजून चालू आहे, शेवट आणू कुठून? लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला, १९३६ साली त्या गेल्या, लेखन अपुरं राहिलं. तो अपुरेपणा टोचत नाही. त्यातला एकेक प्रसंग जिथल्या तिथे पुरा झालेला आहे. नवऱ्याच्या, म्हणजे टिळकांच्या, विक्षिप्तपणाची गंमत सांगून झाली की बाई पुढच्या प्रसंगाकडे वळतात, मागे रेंगाळत नाहीत.

एक करून बघा. शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि लेख अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला तुमची भीड नाही. मेव्हणा चालेल. "पुढं काय झालं?" असं त्याने विचारलं, तर झाकलेल्यातलं एखादं वाक्य परत घ्या. नाही विचारलं, तर सगळा परिच्छेद खोडा. वाईट वाटेल. खोडा.

काचेपलीकडून खूण होते आहे. एवढंच सांगतो, आईवरचा लेख तिच्या अंत्ययात्रेपाशीच संपला पाहिजे असं कुणी सांगितलंय? तिचं जाणं मध्येच सांगून टाका आणि शेवटी तिचं भाजीवालीशी झालेलं भांडण ठेवा, दोन रुपयांच्या कोथिंबिरीवरून झालेलं. आता हे जमवायला काळाची उलटापालट करावी लागते, आणि ती करताना क्रियापदांची जी तारांबळ उडते ना... बरं, ते पुढच्या खेपेला.