नटविणे आणि निगा राखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावे असा निरोप आला तेव्हा मला प्रथम ती थट्टाच वाटली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत बोलण्याची सवय नाही. चिटणीसबाईंना मी म्हटले, "अहो, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "चालते पार्लर सोडून तुम्ही त्वचेच्या निगेचे काम का धरलेत, तेवढेच सांगा. आम्ही ते एकमेकींना विचारतो, तुम्हाला कोणी विचारीत नाही." ते खरे आहे. म्हणून आज सांगते. त्यात माझी एक चूक आहे. ती झाकून ठेवली तर बाकीचे सांगण्यात काही अर्थ नाही.

मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा, म्हणजे २००७ च्या सुमारास, मला दुपारचा वेळ मोकळा मिळू लागला. तीन महिने एस.टी.ने बारामतीला जाऊन मी एका बाईंकडे भुवया कोरणे, वॅक्सिंग, ब्लीच, फेशियल आणि नवरी सजविणे शिकले. सासूबाईंनी पुढची खोली रिकामी करून दिली. "लोकांच्या भुवया उपटून संसार चालतो का ग?" असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण पहिल्या लग्नसराईचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले तेव्हा आरसा मोठा घे, असे त्यांनीच सांगितले.

भगिनींनो, नटविण्याच्या कामाला मी हलके म्हणणार नाही. सजलेली नवरी पाहून तिच्या आईचे डोळे भरून येतात, ते मी पुष्कळदा पाहिले आहे. त्या कामाने माझ्या मुलांच्या फिया भरल्या. परंतु बायका पार्लरमध्ये नुसत्या नटावयास येत नाहीत. "हा वांग घालवा", "हे मुरूम बसवा", "पोरीला बघायला येणार आहेत, जरा उजळ करा", असे मागणे असते. मी शिकले होते ते वरून झाकावयास. खाली काय आहे ते मला कोणी शिकविले नव्हते, आणि मला ते ठाऊक नाही हेही मला ठाऊक नव्हते.

२०१६ साली पार्लरचा माल पुरविणाऱ्या एका माणसाने मला एक ट्यूब दाखविली. "आठ दिवसांत फरक पडतो, सगळ्या पार्लरवाल्या घेतात," असे तो म्हणाला. फरक खरोखरच पडे. चेहरा उजळे, मुरूम बसत. मी ती दहाबारा जणींना दिली. त्यांत आमच्या ओळखीतली एक मुलगी होती, लग्न ठरलेली. तिने ती पाचसहा महिने रोज लावली. मग एकदा ट्यूब मिळाली नाही म्हणून चार दिवस खंड पडला, आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. आग आग होई. पूर्वी नव्हते एवढे मुरूम उठले, कातडी पातळ होऊन बारीक लाल शिरा दिसू लागल्या, गालांवर लव वाढली. चुलीपुढे बसवेना, उन्हात जाववेना. तिची आई माझ्या घरी आली. ती भांडली असती तर मला बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "तुझ्या भरवशावर लावलं ग आम्ही."

मी स्वतः त्या मुलीला घेऊन त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरे मला वाचून दाखविली. त्यात मोमेटासोन हे स्टेरॉईड होते, शिवाय हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. त्या म्हणाल्या, "बाई, हे प्रसाधन नव्हे, औषध आहे. योग्य आजाराला, मोजके दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले तर गुणकारी. क्रीम म्हणून रोज तोंडाला चोपडले तर चेहऱ्याला त्याची चटक लागते, आणि थांबविले की असे भडकते." बीटामेथासोन आणि क्लोबेटासोल ही त्याच कुळातली नावे. गजकर्णावर असली मिश्र मलमे लावली की खाज तेवढी थांबते आणि गजकर्ण आतून पसरत जाते, हेही मला त्या दिवशी कळले.

औषध निराळे आणि प्रसाधन निराळे, हे कायदाही सांगतो. १९४० सालचा कायदा मुळात औषधांपुरता होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधनेही आली. स्वच्छ करावयाचे, सजवावयाचे, रूप खुलवावयाचे ते प्रसाधन. रोग बरा करावयाचा ते औषध. २०१८ साली सरकारने स्टेरॉईडची चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकावयाची नाहीत अशा यादीत घातली. माझी चूक त्याच्या आधीची. पण तेव्हा कायदा असता तरी मी वाचला असता असे नाही.

त्या मुलीचा चेहरा सावरावयास वर्षाहून अधिक काळ लागला. लग्न पुढे ढकलावे लागले. ते पुढे झाले, ती सुखात आहे, आणि आजही माझ्याशी बोलते, हा तिचा मोठेपणा. बाकीच्या दहाबारा जणींच्या घरी मी एकेक करून गेले आणि ट्यूब एकदम न थांबविता आधी डॉक्टरांना दाखवा, असे सांगून आले. दोघींनी मला दारातूनच परत पाठविले. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही.

असे काही खेड्यापाड्यांतच होते, असे समजू नका. २०२३ साली अकोल्याच्या एका घरातल्या तीन बायकांची मूत्रपिंडे गोरेपणाच्या क्रीमने बिघडल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. नकळत मिसळलेला पारा प्रसाधनात दहा लाख भागांत एक भागापेक्षा अधिक असू नये असा आपला २०२० चा नियम आहे. डोळ्यांच्या प्रसाधनांना काय ती थोडी सवलत. पारा त्वचेतून अंगात शिरतो आणि मूत्रपिंडांत साठतो. त्या घरीही क्रीम आली होती ती ओळखीच्या पार्लरवालीकडूनच. ते वाचून मी त्या रात्री जेवले नाही.

मग मी शिकावयाचे ठरविले. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, पण त्याला दहावी पास लागते. सातवीवालीला तिथे दार बंद. डॉक्टरबाईंना मी म्हटले, "मला फी परवडणार नाही, पण तुमच्या दवाखान्यात मी झाडलोट करीन, मला बघू द्या." त्यांनी झाडलोट करू दिली नाही, बघू मात्र दिले. आठवड्यातून दोन दुपारी, जवळजवळ वर्षभर मी तिथे जात होते. ऐकलेले वहीत लिहून ठेवी.

काय शिकले ते थोडक्यात सांगते. पहिले, हात आणि हत्यारे स्वच्छ ठेवणे. पूर्वी एकच टॉवेल मी चौघींना वापरीत असे. आता प्रत्येकीला धुतलेला टॉवेल, प्रत्येकीला नवे पाते. रक्त लागलेल्या पात्याने काविळीसारखा रोगही दुसरीला जाऊ शकतो. दुसरे, कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आत किंवा कानामागे लावून दोन दिवस पाहणे. काळी मेंदी आणि केसांचा कलप यांतील रसायनाने चेहरा सुजतो, डोळे मिटतात. टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. तो दिसला तर मोठी टिकली लावून झाकू नका, टिकली बंद करा आणि दाखवा. तिसरे, ऊन. वांग गरोदरपणात उठतो, काही गोळ्यांनी उठतो, आणि उन्हाने गडद होतो. उसात आणि कांद्यात राबणाऱ्या आपल्या बायका डोक्याला फडके बांधून साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. तोंडाला लिंबू चोळून उन्हात जाणे मात्र सोडा. त्याने भाजल्यासारखे चट्टे पडतात.

आणि चौथे, सगळ्यांत अवघड, म्हणजे "हे माझे काम नव्हे" असे म्हणणे. सुया, लेसर आणि कातडी सोलणारी तीव्र आम्ले ही डॉक्टरांची कामे. पार्लरमध्ये "नाही" म्हटले की गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. पहिली दोन वर्षे माझी मिळकत निम्म्यावर आली. आमचे हे म्हणत, "पूर्वीचे थोडे चालू ठेव, त्या ट्यूबा देऊ नकोस म्हणजे झाले." मी नवरी सजविणे ठेवले; पण दारावर "त्वचेची निगा" अशी पाटी लावली आणि गोरे करण्याचे काम येथे होत नाही, असे खाली लिहिले. मुलगा हसला होता, "आई, दुकानात काय मिळत नाही ते कुणी पाटीवर लिहितं का?"

त्या "नाही"चा उपयोग काय, ते एका प्रसंगाने सांगते. जवळच्या वाडीतली एक बाई हाताची लव काढावयास आली. दंडावर फिकट चट्टा होता. त्या जागी लव नव्हती. कापसाचे टोक टेकविले तर तिला कळेना. पूर्वीची मी असते तर तो चट्टा रंगाने झाकून दिला असता. मी काम थांबविले आणि तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. तो कुष्ठरोगाचा आरंभ निघाला. भगिनींनो, या नावाने दचकू नका. त्याची औषधे सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात, आणि रोग बरा होतो. उशीर झाला तर मात्र बोटे वाकडी होतात. ती बाई आज खुरपणीला जाते, हात शाबूत आहेत. त्या दिवशी मी तिच्याकडून एक रुपयाही घेतला नाही, पण माझ्या सगळ्या कामात ते काम मला मोठे वाटते.

माझी एक मावसबहीण अमेरिकेत कॅलिफोर्नियात असते. ती सांगत होती, तिकडे केस, नखे, चेहरा असे सगळे करणाऱ्या बाईला १००० तासांचे आणि केवळ त्वचेचे काम करणाऱ्या बाईला ६०० तासांचे शिक्षण घ्यावे लागते, आणि परीक्षा दिल्यावरच परवाना मिळतो. आपल्याकडे दुकानाची नोंदणी केली की पाटी लागते. हाताला काय येते ते कोणी विचारीत नाही. म्हणून ते तुम्ही विचारले पाहिजे. बनविणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत नसलेली डबी कोणी दिली तर घेऊ नका. मी दिली तरी घेऊ नका. मुलीला बघावयास येणार म्हणून तिचा रंग बदलावयास माझ्याकडे आणू नका. तिचा चेहरा निरोगी राहील एवढे मी पाहीन. रंग तिचा तिच्यापाशी राहू द्या.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते. विमानतळाच्या मैदानावर राहुट्या पडतात. आपण चहा देतो, भाकरी देतो. या वर्षी दहा बादल्या, स्वच्छ फडकी आणि साधे व्हॅसलीन घेऊन बसू. वारकऱ्यांच्या भेगाळलेल्या टाचा धुऊन, टिपून, मऊ करू. ज्याला मधुमेह आहे आणि पायाची जखम कळत नाही, त्याला आपण हात न लावता वैद्यकीय पथकाकडे पोचवू. कशाला हात लावावयाचा आणि कशाला नाही, ते आधी एका दुपारी मी सर्वांना दाखवीन. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. बादली प्रत्येकीने आपली आणावी.