अंगुस्तानांची फौज आणि सरकारी वचनाचें खत



आज आम्ही तुम्हांला एका परक्या मुलखाची हकीकत सांगणार आहों. ती इंग्लंडांतील आहे, आणि पावणेचारशे वर्षांपूर्वींची आहे. एवढ्या दूरची गोष्ट आम्हांला काय कामाची, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, तीत राजे व सेनापति जितके आहेत, तितकेच शिंपी, चांभार, हमाल व त्यांच्या बायकाही आहेत. आणि घरांतला पैसा बाहेर देतांना काय विचारावें, हा प्रश्न राजवाड्यापेक्षां झोपडीला जास्त जवळचा आहे.

इंग्लंडचा राजा पहिला चार्लस ह्यानें १६२९ पासून १६४० पर्यंत अकरा वर्षें पार्लमेंट न भरवितांच राज्य हांकलें. रयतेच्या प्रतिनिधींची संमति न घेतां कर बसविले. शेवटीं राजा व पार्लमेंट ह्यांचें इतकें फाटलें कीं, १६४२ सालीं दोन्ही बाजू एकमेकांवर शस्त्र धरावयास निघाल्या. एका घरचे दोन भाऊ दोन छावण्यांत गेले. अशा लढाईस यादवी म्हणतात.

आतां लढाई म्हटली कीं शिपाई पाहिजे. शिपाई म्हटला कीं त्यास भाकर, घोडा, बंदूक व पगार पाहिजे. पार्लमेंटचा खजिना रिकामा होता. तेव्हां त्यानें १६४२ च्या जून महिन्यांत लोकांस आवाहन केलें कीं, ज्याच्याजवळ रोकड असेल त्यानें रोकड आणावी, चांदीचीं भांडीं असतील त्यानें तीं आणावीं, घोडा असेल त्यानें घोडा आणि हत्यार असेल त्यानें हत्यार द्यावें. हें दान नव्हे, कर्ज आहे. घोड्याची व हत्याराची किंमत ठरवून ती मांडून ठेवूं, आणि शेंकडा ८ दरानें व्याज देऊं. त्या काळीं इंग्लंडच्या कायद्यानें व्याजाचा याहून जास्त दर घेतां येत नव्हता. म्हणजे दर भरपूर होता. तारण काय? तर पार्लमेंटचें वचन. त्या वचनास त्यांनीं नांव दिलें ‘सार्वजनिक विश्वास’.

लंडन शहरांतील गिल्डहॉल नांवाच्या नगरसभागृहांत लोकांची रीघ लागली. श्रीमंत व्यापाऱ्यांनीं चांदीचीं ताटें आणलीं. ज्यांच्या घरीं ताटें नव्हतीं त्या बायांनीं शिवणाचें चांदीचें अंगुस्तान आणि केंसांत खोवण्याचा आंकडा काढून दिला. राजाच्या बाजूचे लोक हंसून म्हणूं लागले कीं, ही अंगुस्तानांची व आंकड्यांची फौज आहे! परंतु हंसणाऱ्यांची स्थिति काय होती? राणी हेन्रिएटा मराया त्याच सालीं राजघराण्याचे दागिने घेऊन हॉलंडांत गेली होती. ते गहाण टाकून ती हत्यारें खरेदी करीत होती. ऑक्सफर्ड येथील विद्यालयांचीं चांदीचीं भांडीं राजानें परतफेडीचें वचन देऊन घेतलीं व वितळवून त्यांचीं नाणीं पाडलीं. दोन्हीकडे धनी उसनवारीवरच लढत होते. फरक इतकाच कीं, एकीकडे जडजवाहीर गहाण पडलें आणि दुसरीकडे शिंपिणीचें अंगुस्तान.

त्या अंगुस्तानांनीं काम केलें, हें आम्ही मोकळ्या मनानें सांगतों. १६४२ च्या ऑक्टोबरांत एजहिल येथें पहिली मोठी लढाई झाली, तींत कोणाचाच निकाल लागला नाहीं. मग राजा लंडनावर चालून आला. १३ नोव्हेंबर रोजीं टर्नहॅम ग्रीन येथें शहराच्या नागरिक पलटणी पार्लमेंटच्या फौजेजवळ उभ्या राहिल्या. सगळे मिळून सुमारें २४,००० माणूस जमलें. दुकानदार, उमेदवार, कारागीर! घरच्या बायांनीं गाड्या भरून अन्न पाठविलें. राजानें तो जमाव पाहिला आणि तो माघारा गेला. पुढच्या सालीं सगळ्या शहराभोंवतीं तट व खंदक खणण्यास शिंपी, चांभार, हमाल आपापल्या धंद्याचे जथे करून कुदळी-फावडीं व पाट्या घेऊन गेले. बायकापोरांनीं माती वाहिली. लोकांच्या पैशानें व लोकांच्या घामानें तें शहर वांचलें.

पण येथेंच गोष्ट संपली असती, तर ती तुम्हांस सांगण्याचें कारण नव्हतें.

खुशीचें कर्ज फार दिवस पुरलें नाहीं. १६४२ सालच्या नोव्हेंबरअखेर हुकूम निघाला कीं, ज्यांनीं दिलें नाहीं किंवा ऐपतीपेक्षां कमी दिलें, त्यांच्या मालमत्तेचा विसावा हिस्सापर्यंत आकार घ्यावा. १६४३ सालीं दर आठवड्याची पट्टी बसली. त्याच सालीं मालावर जकातीसारखा नवा कर आला. तो आधीं दारूसारख्या जिनसांवर होता, तो पुढें मांसावर व मिठावरही बसला. मीठ गरिबासही लागतें आणि श्रीमंतासही तेवढेंच लागतें. म्हणून मिठावरचा कर गरिबाच्या पाठीवर जड पडतो, हें तुम्हांस समजावून सांगावयास नको. १६४७ सालीं लंडनच्या गुरांच्या बाजारांत ह्या करावरून दंगा झाला, तेव्हां मांस व मीठ त्यांतून सोडावें लागलें.

आतां शिपायाकडे पाहा. १६४५ सालीं पार्लमेंटनें सुमारें २२,००० माणसांची नवी फौज उभारली. पायदळाच्या शिपायास दिवसास ८ पेन्स ठरले. म्हणजे शेतमजुराच्या रोजाएवढेच. त्या फौजेनें राजाचा पाडाव केला. लढाई जिंकल्यावर पार्लमेंट म्हणालें, आतां घरीं जा. शिपायांनीं विचारलें, आमचा तुंबलेला पगार? पायदळाचा अठरा आठवड्यांचा आणि घोडदळाचा त्रेचाळीस आठवड्यांचा पगार थकला होता. शिपायांनीं अर्ज केला, तर १६४७ च्या मार्चअखेर पार्लमेंटनें अर्ज पुढें रेटणाऱ्यांस राज्याचे शत्रु ठरविलें. ज्यानें मान दिली तो शत्रु, आणि ज्यानें हिशेब चुकविला तो कारभारी!

तेव्हां प्रत्येक पलटणीनें आपले प्रतिनिधि निवडले. त्याच सालच्या ऑक्टोबरअखेर पटनी येथील देवळांत अंमलदार व शिपाई समोरासमोर बसले. कर्नल टॉमस रेन्सबरो ह्यांनीं बाजू मांडली कीं, गरिबांतल्या गरिबासही श्रीमंताप्रमाणेंच जगावयाचें आयुष्य आहे, म्हणून त्याच्या संमतीवांचून त्याच्यावर कोणाचें राज्य चालूं नये. हेन्री आयर्टन ह्यांनीं उलट सांगितलें कीं, ज्याची जमीनजायदाद त्यासच मत. बंधूंनो, पगाराच्या थकबाकीपासून सुरू झालेलें भांडण मताच्या हक्कापर्यंत आलें, आणि तें येणारच होतें. कारण ज्यास मत नाहीं, त्याचें येणें कोण वसूल करून देणार?

मत मिळालें नाहीं. पैशाचें काय झालें? १६४६ सालीं बिशपांच्या जमिनी विकावयास काढल्या, आणि जुन्या सावकारांस सांगितलें कीं, पूर्वीं दिलें तेवढेंच आणखी द्या, म्हणजे दोन्ही रकमांस ह्या जमिनींचें तारण देऊं. ज्याच्याजवळ दुप्पट देण्यास होतें तो सुरक्षित झाला. जिनें एकुलतें एक अंगुस्तान दिलें होतें, तिनें दुसरें कोठून आणावें? शिपायांस रोख पगाराऐवजीं कर्जरोखे मिळाले. ते राजाच्या जप्त जमिनींवर वटावयाचे होते. पण उपाशी शिपाई थांबणार किती? त्यानें तो कागद मिळेल त्या किमतीस विकला, आणि घेणारे पुष्कळदां त्याचेच अंमलदार होते. अंमलदार जमीनदार झाले. १६६० सालीं राजाचा मुलगा गादीवर आला, राजाच्या व धर्मपीठाच्या जमिनी माघारीं गेल्या, आणि बहुतेक खरेदीदारांचे पैसे बुडाले. पण शिपाई त्याच्या कितीतरी आधींच बुडाला होता.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांला राहवत नाहीं. आयर्लंडांतील बंड मोडण्यासाठीं १६४२ च्या मार्चांत कायदा झाला. त्यांत पैसे देणाऱ्यांस तारण म्हणून आयर्लंडांतील २५ लक्ष एकर जमीन लावून दिली. ती जमीन तेव्हां हातांतही आलेली नव्हती. ती आयरिश लोकांची होती व त्यांच्याकडून हिसकावून घ्यावयाची होती. पुढें ती खरोखरच हिसकावली गेली. म्हणजे लंडनच्या व्यापाऱ्याचें मुद्दल फिटावें म्हणून आयरिश शेतकरी बेघर झाला. ज्या कर्जास दुसऱ्याच्या शेताचें तारण आहे, त्या कर्जांत पाप आहे, मग तें कितीही चांगल्या कामाच्या नांवानें काढलेलें असो.

आमचें सांगणें असें नव्हे कीं, त्या बायांनीं अंगुस्तान द्यावयास नको होतें. जुलूम टाळावयाचा तर गांठचें सोडावेंच लागतें, आणि त्यांनीं तें सोडलें म्हणून राजाला परत फिरावें लागलें. पण त्यांनीं हिशेबाच्या वहीजवळ आपला माणूस बसविला नाहीं. म्हणून तुमच्या दारीं कोणी मोठ्या कामासाठीं पैसा, धान्य किंवा पोरगा मागावयास आला, तर तीन गोष्टी विचारा. वही कोणाच्या हातीं राहणार? परतफेड कोणाच्या शेतांतून होणार? आणि काम फत्ते झाल्यावर आम्हांस बोलावयास जागा मिळणार कीं नाहीं? उत्तर तोंडीं देईल तर लिहून मागा, आणि लिहून देईल तर घरांतल्या शिकलेल्या मुलीकडून तें मोठ्यानें वाचून घ्या. खऱ्या कामाचा माणूस ह्या प्रश्नांवर रागावणार नाहीं.