घरातल्या हवेचा हिशेब



मराठी कवितेत वारा पुष्कळ आहे. पहाटेचा, पावसाआधीचा, दर्यावरचा खारा. आम्हा कवींनी त्याच्यावर वह्या भरल्या. पण चार भिंतींत कोंडलेली हवा, जी आपण दिवसाचे बहुतेक तास छातीत ओढतो, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ती दिसत नाही, आणि तिची सवय होऊन जाते. आज मी बोलणार आहे, ते या हवेचा हिशेब ठेवणाऱ्या एका लहानशा डब्याविषयी. दहावी-बारावीतल्या मुलामुलींना तो सुट्टीत घरीच जुळवता येतो. मी बी. ए. झालेला, कलाशाखेचा माणूस. भाच्याच्या शेजारी बसून मला जे कळलं, ते सांगतो.

या डब्याचा मेंदू म्हणजे ‘रास्पबेरी पाय’ नावाचा संगणक. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, त्याला कामाला लावायला शिकावं, या हेतूने इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी तो तयार केला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला, तेव्हा त्याची किंमत होती ३५ डॉलर. सगळा संगणक एकाच हिरव्या पट्टीवर, क्रेडिट कार्डाएवढा. हल्लीच्या पट्टीला कडेने ४० पिना असतात. त्यांना सेन्सर जोडायचे.

सेन्सर तीन पुरतात. पहिला नखाएवढा, तो तापमान, दमटपणा आणि हवेचा दाब सांगतो. दुसरा धुळीचा. त्यातला छोटा पंखा हवा आत ओढतो, तिच्यावर लेझरचा किरण पडतो आणि कणांवर आपटून प्रकाश किती विखुरला, यावरून कण मोजले जातात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण महत्त्वाचे. आपल्या केसाची जाडी त्यांच्या वीसपट तरी भरते. असे कण फुप्फुसात खोलवर जातात. तिसरा सेन्सर कार्बन डायऑक्साइडचा. हा वायू अवरक्त किरण शोषतो, म्हणून किरण किती मंदावला यावरून त्याचं प्रमाण कळतं. मग पायथन भाषेत काही ओळी लिहायच्या: दर मिनिटाला सेन्सरांना विचार आणि वेळेसह नोंद ठेव. घरातल्या मोबाइलवर आलेख दिसू लागतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. तापमानाचा सेन्सर पट्टीला चिकटवू नये, वीतभर लांब ठेवावा. पट्टी स्वतः तापते आणि आकडा वाढवून सांगते. पावसाळ्यात धुळीचा सेन्सर दमट हवेने फुगलेले कण मोजतो आणि जास्त धूळ दाखवतो. म्हणून एकेका आकड्यापेक्षा चढउतार पाहावा.

आमच्या घरी डबा आधी दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी ठेवला होता. आकडे छान येत होते. बायको म्हणाली, ‘‘इथं कोण मिरच्या भाजतं? ओट्याजवळ ठेव.’’ तिथे ठेवला, आणि फोडणी पडताच रेघ सरळ वर गेली. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकानुसार या बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ वर आणली. तळणाच्या वेळी बंद स्वयंपाकघरात आकडा याच्या कित्येक पटींनी वर जातो. उदबत्ती, लोबान, डासांची कॉइल यांचाही धूर त्याला दिसतो. धूर कुठल्या भावनेने केला, ते डब्याला कळत नाही.

सकाळी झोपायच्या खोलीचा आलेख पाहावा. एकोणिसाव्या शतकात म्युनिकच्या पेटेनकोफर या वैद्यकतज्ज्ञाने सांगितलं होतं, की खोलीतल्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे १००० पेक्षा जास्त भाग नसावेत. दारं-खिडक्या लावून चौघे झोपले, की पहाटेपर्यंत हा आकडा सहज ओलांडला जातो. एवढ्याने विषबाधा होत नाही. पण एकमेकांचा उच्छ्वास आपण पुन्हा पुन्हा घेतोय, याची ती खूण आहे. घरात सर्दी-तापाचा रोगी असेल, तर ती गंभीरपणे घ्यावी.

एक इशारा. गॅस गीझरमधून निघू शकणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. हा डबा तो ओळखत नाही. तिथे भरवसा हवेशीर जागेवर आणि प्रमाणित अलार्मवरच ठेवावा.

डबा हवा स्वच्छ करत नाही. एक्झॉस्ट पंखा कढई ठेवण्याआधी सुरू करायचा आणि गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवायचा, हे माणसांनीच करायचं. खिडकी रहदारीच्या रस्त्यावर उघडत असेल, तर ती कधी उघडायची, हेही आलेख पाहून ठरवायचं.

स्वयंपाकघरातल्या ठसक्याला आपल्याकडे कुणी तक्रार मानत नाही. आकड्याला मात्र लोक लगेच मान देतात. तेव्हा ज्या घरात मुलं असा डबा बनवतील, तिथे मोठ्यांनी एवढंच पाहावं, की तो पाहुण्यांना दिसेल अशा जागी नको. घरात जिचा सगळ्यात जास्त वेळ धुरात जातो, तिच्या श्वासाच्या उंचीवर तो असावा.