वेब ॲप्लिकेशन शिकणाऱ्यांच्या प्रारंभीच्या अडचणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



माझा विषय वेब ॲप्लिकेशन, म्हणजे इंटरनेटवरून चालणारे कामकाजाचे कार्यक्रम तयार करण्याचा आहे. विषय ऐकताच पाठीमागच्या रांगेतील काही पालक चुळबुळ करू लागले, हे मला इथून दिसते. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी बसून राहावे. कारण क्लासची फी भरणारे तेच आहेत, आणि पोरगं रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसून करतं तरी काय, हा प्रश्नही त्यांचाच आहे.

वेब ॲप्लिकेशन आपण सर्वांनी वापरलेले आहे. मलकापूर किंवा शेगाव स्टेशनवरून मुंबईला जायचे तर पूर्वी खिडकीसमोर रांग लावावी लागे. २००२ सालापासून रेल्वेचे तिकीट इंटरनेटवरून काढता येऊ लागले. या व्यवहारात तीन पात्रे असतात. आपल्या फोनवर जो फॉर्म दिसतो तो ब्राउझर दाखवतो. भरलेला फॉर्म दूरच्या एका संगणकाकडे जातो, त्यास सर्व्हर म्हणतात. आणि जागा शिल्लक आहे की नाही हे सर्व्हर ज्या नोंदवहीत पाहून सांगतो, ती नोंदवही म्हणजे डेटाबेस. तहसील कचेरीतला अर्जदार, खिडकीवरचा कारकून आणि आतल्या कपाटातील दप्तर, अशी ही रचना समजावी. नवशिक्याची निम्मी अडचण हीच की, चूक या तिघांपैकी कोणाकडे झाली ते त्याला उमगत नाही. दप्तरात नोंदच नसते, आणि हा बिचारा फॉर्मचा रंग बदलत बसतो.

वास्तविक यंत्र स्वतःच पुष्कळ सांगत असते. पडद्यावर ४०४ हा आकडा आला तर मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही, असा त्याचा अर्थ. ४०३ आला तर पान आहे, पण पाहण्याची परवानगी नाही. ५०० आला तर खिडकीवरच्या कारकुनालाच भोवळ आली, म्हणजे सर्व्हरवरील कार्यक्रम मध्येच कोसळला. पहिला अंक ४ असेल तर मागणीत काही खोट आहे आणि ५ असेल तर सर्व्हरच्या बाजूला, एवढे लक्षात ठेवले तरी तपासाची दिशा ठरते. चुकीचा संदेश इंग्रजीत असतो, म्हणून आपली मराठी आणि उर्दू माध्यमाची मुले तो न वाचताच खिडकी बंद करतात. तसे करू नये. त्यात फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक दिलेला असतो. शब्दकोश जवळ घेऊन बसावे. दहा-पंधरा संदेश नीट वाचले की पुढचे बहुतेक ओळखीचे निघतात.

आता नेहमी भेटणाऱ्या काही अडचणी सांगतो. खामगावात बसलेला विद्यार्थी आपले पहिले पान तयार करतो आणि पुण्याच्या मित्राला त्याचा पत्ता पाठवतो. पत्त्यात लोकलहोस्ट हा शब्द असतो. मित्राला काहीच दिसत नाही, आणि दोघेही इंटरनेटला दोष देतात. लोकलहोस्ट म्हणजे "मी बसलो आहे तोच संगणक". आपल्या घराचा पत्ता म्हणून "माझे घर" एवढेच लिहून पत्र पोस्टात टाकण्यासारखे हे आहे. पान जगाला दाखवायचे तर ते सदोदित चालू असणाऱ्या सर्व्हरवर ठेवावे लागते.

ठेवल्यावर दुसरी अडचण येते. समजा, एखाद्या मुलीने लोणार सरोवरावर पान तयार केले. चांगला विषय आहे. २०२० साली त्याचे पाणी गुलाबी झाले आणि त्याच वर्षी ते रामसर यादीतही गेले. घरच्या संगणकावर सर्व छायाचित्रे दिसतात, सर्व्हरवर एकही दिसत नाही. कारण बहुधा असे असते की कॅमेऱ्याने फाइलच्या नावाचा शेवट मोठ्या लिपीत केलेला असतो आणि मुलीने तो लहान लिपीत लिहिलेला असतो. विंडोज हा भेद मानत नाही. बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि ते मानतात. यावर उपाय म्हणून सर्व नावे पहिल्यापासून लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता द्यावीत. त्याचप्रमाणे फाइलचा मार्ग आपल्या सी-ड्राइव्हपासून लिहू नये, कारण तो ड्राइव्ह सर्व्हरवर नसतो.

छायाचित्रांवरून आणखी एक. फोनने काढलेले चित्र सहज ५ मेगाबाइटचे भरते. अशी १० चित्रे लावली की पान ५० मेगाबाइटचे झाले. एखाद्या खेड्यात सेकंदाला २ मेगाबिट इतकाच वेग मिळत असेल तर ते उघडण्यास २०० सेकंद, म्हणजे ३ मिनिटे २० सेकंद लागतील. तोवर कोणी थांबत नाही. तेच चित्र २०० किलोबाइटच्या आसपास आणले, आणि पडद्यावर पाहण्यास तेवढे पुरते, तर सगळे पान ८ सेकंदांत उतरते. आपले वाचक स्वस्तातला फोन वापरणारे आहेत. पान तपासायचे ते त्याच फोनवर, क्लासच्या मोठ्या पडद्यावर नव्हे. आणि बदल केला तरी जुनेच पान दिसते अशी तक्रार असेल, तर ब्राउझरने जुनी प्रत जपून ठेवलेली असते. कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबून ती नव्याने मागवावी.

येथवरच्या अडचणी जगातल्या कोणत्याही नवशिक्याच्या आहेत. ज्या विशेषेकरून आपल्या आहेत, त्यांच्याकडे आता वळतो.

फॉर्म तयार करताना विद्यार्थी पुस्तकातला नमुना उचलतात: पहिले नाव, मधले नाव, आडनाव, आणि तिन्ही सक्तीचे. आता आपल्या वऱ्हाडात दाखल-खारीज रजिस्टरमध्ये मुलाचे नाव "शेख रहीम शेख करीम" असे लिहिण्याची रीत आहे. हे तीन रकान्यांत कसे बसवणार? एका ठिकाणी शेख हे पहिले नाव होते, दुसऱ्या ठिकाणी आडनाव. बहिणीच्या नावापुढे "बी" लागते, तेही कोणी मधले नाव समजतो, कोणी गाळतो. मोहम्मद हे नाव रोमन लिपीत कोठे पूर्ण, कोठे दोन अक्षरांत, कोठे चार अक्षरांत लिहिलेले असते. माणूस तोच, पण शाळेचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक यांतील नावे जुळत नाहीत. यंत्र अक्षर अन् अक्षर ताडून पाहते. एक अक्षर कमी पडले तरी त्याच्या लेखी ती दोन निराळी माणसे असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज अशा कारणाने अडकल्याचा अनुभव या सभागृहात किती जणांना आला आहे, हे मी विचारत नाही. माना हलताना दिसत आहेत.

पालकांनी याबाबत एवढेच करावे की मुलाचे नाव शाळेत घालतानाच सर्व कागदांवर एका पद्धतीने लिहून घ्यावे. पण विद्यार्थीमित्रहो, उद्या असे फॉर्म तुम्ही तयार करणार आहात. पूर्ण नावासाठी एकच मोठा रकाना ठेवा, "दाखल्याप्रमाणे लिहावे" अशी सूचना त्यापुढे द्या आणि आडनावाची सक्ती काढून टाका. ज्याच्या घरी हा त्रास झालेला नाही त्याला हे सुचण्याचा संभव कमी. तुम्हाला सुचले पाहिजे.

याच नावांतून दुसरी आपत्ती उद्भवते. मसऊद हे नाव रोमन लिपीत लिहिताना काही लोक मध्ये एक वरचे स्वल्पचिन्ह देतात. नवशिक्याने डेटाबेसला पाठवायचे वाक्य शब्दाला शब्द जोडून तयार केलेले असते, आणि त्या भाषेत तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण असते. वाक्य मध्येच तुटते आणि नोंद होत नाही. पुष्कळ मुले मग ते चिन्ह वापरण्यास मनाई करून मोकळी होतात. त्यात दुहेरी चूक आहे. कोणाच्या नावास आपण मनाई करणे योग्य नाही हे एक. आणि ज्या फटीतून मसऊदचे नाव वाक्य तोडते, त्याच फटीतून एखादा दुष्ट मनुष्य आपली आज्ञा आत घुसवून सर्व नोंदवही पळवू शकतो, हे दुसरे. उपाय जुना व खात्रीचा आहे: वाक्य आधी तयार करून त्यात रिकाम्या जागा ठेवाव्यात आणि माहिती स्वतंत्रपणे पाठवावी. याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. पहिल्या दिवसापासून हीच सवय लावा.

लिपीची कथाही अशीच आहे. जुन्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असत, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराचे इंग्रजी कडबोळे होई. युनिकोडने प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षरास स्वतंत्र क्रमांक दिला. ते क्रमांक साठवण्याची जी यूटीएफ-८ ही पद्धत रूढ आहे, तिच्यात इंग्रजी अक्षरास १ बाइट, उर्दूच्या अक्षरास २ आणि देवनागरीच्या चिन्हास ३ बाइट लागतात. मुहम्मद हा शब्द उर्दूत मीम, हे, मीम, दाल असा चार अक्षरांचा, म्हणून ८ बाइट. देवनागरीत तो डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. पण उकार आणि हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे धरली जातात, सबब चिन्हे ७ आणि बाइट २१. बाइट मोजून २० ची जागा ठेवणाऱ्या कार्यक्रमात हे नाव शेवटी तुटणार. मराठी मजकुराचे विचित्र चिन्हांत रूपांतर झाले, तर पान, सर्व्हर आणि डेटाबेस या तिघांनाही यूटीएफ-८ सांगितले आहे काय ते पाहावे. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८-एमबी-४ निवडावे. उर्दू मजकुरासाठी दिशा उजवीकडून डावीकडे असल्याचे पानास सांगावे लागते. जागा सोडून सोडून ओळ उजवीकडे ढकलण्याचा खटाटोप मी पाहिला आहे. फोनवर तो तत्काळ कोलमडतो.

आकड्यांविषयी थोडक्यात. बँक खात्याचा क्रमांक हा संख्या म्हणून साठवू नका, मजकूर म्हणून साठवा. संख्या केली की सुरुवातीची शून्ये गळतात, आणि जावास्क्रिप्टमध्ये १६ अंकांच्या पुढे शेवटचे अंकही बिघडू शकतात. त्या खात्यांची आपण बेरीज थोडीच करणार आहोत! तारखेचेही तसेच. ०५/०६ ही आपल्याकडे ५ जून, अमेरिकन रीतीने ६ मे. आणि जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे ०. अशी रीत का ठेवली असेल ती असो. मुलांचे जन्ममहिने तिच्यामुळे चुकतात.

अशा समारंभात अल-ख्वारिझ्मीचे नाव घेण्याचा प्रघात आहे, आणि अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकातील बगदादच्या त्या गणितज्ञाच्या नावावरूनच आला, हे खरे आहे. पण त्याचा अभिमान बाळगल्याने आपला कार्यक्रम चालू होत नाही. घेण्याजोगी आहे ती त्याची रीत: एक पायरी, मग दुसरी, मध्ये उडी नाही. कार्यक्रम अडला की एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. अर्धा भाग बाजूला ठेवून उरलेला चालतो का ते पाहावे, मग त्याचा अर्धा. हजार ओळींतील चूक अशा दहा विभागण्यांत हाती लागते. चालत असलेल्या प्रतीची नोंद ठेवावी. त्यासाठी २००५ साली निघालेले गिट हे मोफत साधन आहे.

मदत मागतानाही "माझे चालत नाही" एवढे सांगून भागत नाही. काय करायचे होते, काय केले, काय झाले आणि संदेशातील नेमके शब्द कोणते, हे लिहावे. लिहिता लिहिताच पुष्कळदा उत्तर सापडते. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विचारताच सबंध कार्यक्रम लिहून देतात. त्यांना माझा विरोध नाही. मात्र ज्या ओळीचा अर्थ तुम्हाला सांगता येत नाही ती तुमच्या कार्यक्रमात राहू देऊ नका. मुलाखतीत नेमकी तीच विचारतात.

पालकहो, मुलगी दोन तास बसली आणि पडद्यावर एकच ओळ बदलली, तर तिचा वेळ वाया गेला असे समजू नका. या कामात तसेच होते. घरात एकच फोन असेल तर तिच्या वाट्याची वेळ ठरवून द्या. शिकण्यासाठी परदेशी किंवा पुण्यालाच जावे लागते असेही नाही. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आणि वेबचे तंत्र, जे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत सुचविले, ते १९९३ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे.

शेवटी संस्थेस एक सूचना करतो. संगणक कक्ष रविवारी सकाळी दोन तास उघडा ठेवावा. येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यातील एक अडलेली चूक वहीत उतरवून आणावी. पहिले काम म्हणून वाचनालयाची यादी मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपींत शोधता येईल अशी करावी. वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी त्या एका कामात भेटतील. प्रवेशाचे अर्ज मात्र इतक्यात इंटरनेटवर घेऊ नयेत. त्यांत मुलांची जन्मतारीख, आधार क्रमांक, पालकांचे उत्पन्न असते, आणि २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचे हॅश साठवणे, माहितीची प्रत दुसरीकडे राखणे आणि ती प्रत खरोखर उघडते का हे पाहणे, एवढे विद्यार्थ्यांनी वाचनालयाच्या यादीवर वर्षभर करून दाखवावे. त्यानंतर अर्जांचा विचार पदाधिकाऱ्यांनी करावा.