पाच सेंटिमीटरवर थांबा



अध्यक्षीय भाषणात वैद्यकशास्त्राच्या भवितव्यावर बोलायचा रिवाज आहे. आजचा विषय त्या मानाने फारच आखूड आहे: पलंगापासून व्हीलचेअरपर्यंतचे चार फूट.

चादरीची टोके धरायची, ‘एक, दोन, तीन’ म्हणायचे आणि रुग्ण उचलायचा. ही रीत इतकी वर्षे चालली ती सिस्टर-मावश्यांच्या कमरेच्या जिवावर. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचे थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली एक मर्यादा सुचवली. रुग्णाला हाताने उचलताना एका माणसावर ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलोहून अधिक भार येऊ नये. आणि तोही बाकी सगळे अनुकूल असेल तेव्हा. साठ-पासष्ट किलोचा रुग्ण चौघांनी उचलला तरी प्रत्येकाच्या वाट्याला तेवढे वजन येतेच. रात्रपाळीला चौघे जमवून दाखवावेत!

म्हणून रुग्ण उचलणारी लिफ्ट आली. अमेरिकेत आजही अशा यंत्राला सर्रास ‘हॉयर लिफ्ट’ म्हणतात, ते विस्कॉन्सिनच्या टेड हॉयर यांच्यामुळे. मोटार अपघातात त्यांचे हातपाय लुळे पडले होते. ज्याला रोज दुसऱ्यांनी उचलावे लागे, त्यानेच उचलण्याचे यंत्र घडवण्यात पुढाकार घेतला. पुढे हाताने पंप मारण्याची जागा बॅटरी आणि मोटरने घेतली, आणि गैरसमजाला तिथूनच सुरुवात झाली. बटण दाबले की माणूस वर जातो, मग दुसरा माणूस हवा कशाला? लिफ्ट विकत घ्यायची आणि त्याच कागदावर वॉर्डातला एक हात कमी करायचा, हा हिशेब व्यवस्थापनाला फार सोयीचा वाटतो. तो धोक्याचा आहे. मोटर वजन पेलते. मांडीखाली स्लिंगला, म्हणजे रुग्ण ज्यात बसतो त्या झोळीला, घडी पडली आहे, लूप हुकात अर्धवट बसला आहे, रुग्णाचा हात दांड्यात अडकतो आहे, हे तिला दिसत नाही. एकाच्या हाती रिमोट आणि दुसऱ्याचा हात रुग्णाजवळ, ही जोडी मोडू नये.

स्लिंगकडे जरा जवळून पाहू. तिच्या पट्ट्यांना वेगवेगळ्या रंगांचे लूप असतात. खांद्याकडे आखूड आणि पायांकडे लांब लूप लावला की रुग्ण ताठ बसतो. उलट केले की रेलतो. डावीकडे जो रंग, तोच उजवीकडे. एका बाजूचा रंग चुकला तर शरीर तिरके लटकते. टॉयलेट स्लिंग घालायला सोपी, कमरेखाली मोकळी; म्हणूनच ती धड सावरता न येणाऱ्या रुग्णाला लावायची नसते. घाईत नेमकी तीच हाताला लागते.

आता चाके. व्हीलचेअरचे आणि पलंगाचे ब्रेक लावायचे, यावर वाद नाही. पण बहुतेक फिरत्या लिफ्टचे स्वतःचे ब्रेक उचलताना मोकळे ठेवायचे असतात. वजन येताच लिफ्ट किंचित सरकून भाराखाली येते. तिला जखडले तर ती कलंडू शकते. ऐकायला उफराटे वाटते, त्यामुळे आपल्या मॉडेलची पुस्तिका उघडून खात्री करावी. लिफ्टचे पाय मात्र पूर्ण फाकवलेले हवेत. दारातून नेताना मिटले, तर पलीकडे गेल्यावर लगेच उघडावेत.

आणि मग ते पाच सेंटिमीटर. रुग्ण गादीपासून तेवढाच सुटला की बटणावरचा अंगठा काढायचा. चारही लूप पाहायचे, ताण सारखा आहे ना ते पाहायचे, रुग्णाला विचारायचे. काही बिनसले असेल तर खाली गादी आहे. फूटभर वर गेल्यावर ती सोय उरत नाही.

घरांची अडचण निराळी. आपल्याकडचा दिवाण म्हणजे खाली गोधड्यांचा खण. लिफ्टचे पाय शिरणार कुठून? न्हाणीघराला उंबरठा असतो, आणि लटकत्या माणसासह तो ओलांडणे म्हणजे संकटाला आवतण. यंत्र घेण्याआधी टेपने पलंगाखालची जागा मोजली तर पुष्कळ पैसे वाचतील. वीज जाण्याची भीती त्यापुढे किरकोळ आहे, बॅटरी रात्री चार्ज केली की झाले. तरी रुग्णाला हाताने खाली उतरवायची खटकी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी.

ब्रिटनमध्ये १९९८च्या नियमांनुसार माणसे उचलणाऱ्या साधनांची साधारणपणे दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी व्हावी लागते, स्लिंगसकट. भारतात एप्रिल २०२०पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. पण उसवलेली स्लिंग बाद करायला दिल्लीहून कोणी येणार नाही. ते वॉर्डाच्या रजिस्टरमध्येच नोंदवावे लागेल. खरेदीच्या टेंडरमध्ये दोन मापांच्या स्लिंगा, जादा बॅटरी आणि रात्रपाळीचे प्रशिक्षण आधीच लिहून घ्यावे.

जेवणानंतर शेजारच्या दालनात प्रात्यक्षिक आहे. खरेदी समितीवर असलेल्यांनी आधी स्वतः स्लिंगमध्ये बसावे.