मूत्रपिंडाची पारख

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात, सिंगापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





दरवर्षी मधुमेह अथवा रक्तदाब यांवर दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस होत असते. यंदाचा विषय मात्र आम्ही स्वतः मागून घेतला. त्याचे कारण प्रांजळपणे सांगितल्याखेरीज पुढे जाणे आम्हांस उचित वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका गृहस्थांच्या घरी मध्यरात्री फोन आला. वय चोपन्न, जुना मधुमेह, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि प्रतीक्षायादीत कित्येक वर्षे गेलेली. एक मूत्रपिंड उपलब्ध झाले होते. परंतु दाता साठी ओलांडलेला व रक्तदाबाचा रुग्ण होता. निर्णय तासाभरात द्यायचा होता. त्यांच्या मुलाने आम्हांस विचारले, ‘काका, म्हाताऱ्या माणसाची किडनी घ्यावी का?’ आम्ही त्यांच्यावर उपचार करणारे वैद्य नव्हतो. झोपेतून उठून आम्ही एवढेच म्हणालो, ‘नीट विचार करा.’ आमच्या स्वरातील शंका त्या मुलाने ओळखली. कुटुंबाने नकार कळवला. दुसरा फोन येण्यापूर्वीच ते गृहस्थ हृदयविकाराने गेले. ते मूत्रपिंड त्यांना लाभलेच असते असा आमचा दावा नाही. मात्र त्या रात्री आम्ही जे सांगावयास हवे होते ते सांगितले नाही. ते आज सांगत आहोत.

प्रथम या देशाचा कायदा पाहू. सिंगापुरातील पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण १९७० साली झाले. १९८७ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. येथे सर्व त्याला ‘होटा’ म्हणतात. प्रारंभी तो अपघाती मृत्यू व केवळ मूत्रपिंड एवढ्यापुरताच होता. २००४ साली इतर कारणांनी झालेले मृत्यू आणि यकृत, हृदय व नेत्रपटल हे अवयव त्यात आले. २००८ साली मुस्लिम नागरिकांचा समावेश झाला आणि २००९ साली साठ वर्षांची वयोमर्यादा उठली. आज एकवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिक व कायम रहिवासी, त्याने लेखी हरकत नोंदवली नसेल तर, मृत्यूनंतर दाता मानला जातो. वयोमर्यादा उठल्यामुळे वृद्ध दात्यांची मूत्रपिंडेही विचारात येऊ लागली. साहजिकच त्यांची पारख कशी करावी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला.

ही पारख तीन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी रुग्णालयातील कागदपत्रांची. दात्याचे वय, रक्तदाब, मधुमेह, मृत्यूचे कारण, लघवीचे प्रमाण व तीतील प्रथिने, हिपॅटायटिस, एच.आय.व्ही. आणि कर्करोग यांची तपासणी. रक्तातील क्रिएटिनिन हा मूत्रपिंडाच्या कार्याचा परिचित निर्देशक होय. येथे मात्र एक बारकावा आहे. रुग्णालयात येते वेळी क्रिएटिनिन चांगले असेल आणि अतिदक्षता विभागात रक्तदाब घसरल्याने ते वाढले असेल, तर ती इजा बहुधा ताजी असते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी पुन्हा उगवू शकतात. याउलट, रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचे पुंजके एकदा कठीण होऊन निकामी झाले की परत येत नाहीत. म्हणून अखेरचा एक आकडा पाहून निर्णय करणे चुकीचे. त्याआधीचे सर्व आकडे क्रमाने पाहावे लागतात.

दुसरी पायरी शल्यविशारदाच्या डोळ्यांची व हातांची. मूत्रपिंड काढून थंड द्रावणाने धुतल्यावर ते सर्वत्र सारखे फिके होते की ठिपके राहतात, रोहिणीच्या मुखाशी चुन्यासारखा थर आहे का, रोहिण्या एक की दोन, हे तेथेच दिसते.

तिसरी पायरी सूक्ष्मदर्शकाची, म्हणजेच बायॉप्सीची. सर्वच मूत्रपिंडांना तिची गरज नसते. शंका असेल तेथे लहानसा तुकडा तपासून किती पुंजके निकामी झाले, नलिका किती सुकल्या, मधली जागा किती घट्ट झाली आणि रक्तवाहिन्या किती जाड झाल्या, यांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देण्याची एक पद्धत आहे. इटलीतील जुझेप्पे रेमुझ्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रूढ केली. बेरीज तीनपर्यंत असेल तर एक मूत्रपिंड पुरे. चार ते सहा असेल तर दोन्ही मूत्रपिंडे एकाच रुग्णाला द्यावीत. सात वा अधिक असेल तर वापरू नये. एकटे अपुरे ठरणारे मूत्रपिंड जोडीने पुरेसे ठरू शकते, हा त्या पद्धतीचा मोठा धडा होय. बायॉप्सीलाही मर्यादा आहेतच. तुकडा वरवरचा निघाला किंवा रात्रीच्या घाईत वाचला गेला, तर ती दिशाभूल करते.

अमेरिकेत या सर्व माहितीचा एक निर्देशांक करण्यात आला. २००९ साली त्याचे सूत्र प्रसिद्ध झाले आणि २०१४ च्या अखेरीपासून वाटपात त्याचा वापर होऊ लागला. या निर्देशांकाबद्दल मोठा गैरसमज आहे. एखाद्या मूत्रपिंडाचा अंक पंच्याऐंशी आला म्हणजे ते पंच्याऐंशी टक्के बिघडले, असे नव्हे. तुलनेसाठी घेतलेल्या दात्यांपैकी पंच्याऐंशी टक्क्यांच्या मूत्रपिंडांहून त्याचा धोका अधिक, एवढाच त्याचा अर्थ. तेथील रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकानुसार सर्वोत्तम गटातील मूत्रपिंड साधारण साडेअकरा वर्षे, मधल्या गटातील सुमारे नऊ वर्षे आणि पंच्याऐंशीच्या वरचे साडेपाच वर्षांहून अधिक चालते.

या सूत्रात दहा गोष्टी होत्या आणि त्यांपैकी एक होती दात्याचा वंश. दाता कृष्णवर्णीय असेल तर, बाकी सर्व तपासण्या सारख्या असूनही, त्याच्या मूत्रपिंडाचा धोका सुमारे वीस टक्क्यांनी अधिक धरला जात असे. आपणांस हे ऐकून काय वाटते, ते आम्ही सांगावयास नको. माणूस कोणत्या घरी जन्मला यावरून त्याची पारख करण्याची रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसलेली आहे. यात आकडेवारी खोटी नव्हती. परंतु ती समूहाची होती आणि शिक्का व्यक्तीवर बसत होता. पुढे २०१० साली संशोधकांना दिसले की त्या जोखमीचा मोठा भाग ‘एपीओएल-१’ नावाच्या जनुकाच्या विशिष्ट रूपांशी निगडित आहे. ही रूपे आईकडून व वडिलांकडून अशी दोन्हीकडून आली तरच धोका लक्षणीय वाढतो आणि बहुसंख्य कृष्णवर्णीयांत तसे नसते. अखेर २०२४ साली वंश हा घटक त्या सूत्रातून काढण्यात आला. जे तपासता येते ते तपासावे. तपासणीच्या जागी जन्म ठेवू नये. सूत्र गणिती असले म्हणून ते आपोआप न्याय्य होत नाही, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला उशिरा का होईना पटली.

आता आमच्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. ‘म्हातारा’ हाही एक शिक्काच आहे. वय हा महत्त्वाचा घटक आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण तो एकटा निकाल देऊ शकत नाही. अमेरिका व फ्रान्स यांची २००४ ते २०१४ या काळाची तुलना प्रसिद्ध झाली आहे. काढलेल्या मूत्रपिंडांपैकी अमेरिकेत सुमारे अठरा टक्के टाकून दिली गेली, तर फ्रान्समध्ये सुमारे नऊ टक्के. फ्रान्सने अधिक वृद्ध दात्यांची मूत्रपिंडे स्वीकारली आणि त्यांतून रुग्णांना मोलाची वर्षे मिळाली.

म्हणून ‘ही किडनी चांगली की वाईट?’ हा प्रश्न अपुरा आहे. पूर्ण प्रश्न असा: ‘ही किडनी या रुग्णाला, आणखी काही वर्षे डायलिसिसवर काढण्यापेक्षा बरी की नाही?’ पंचविशीच्या तरुणाला उत्तर एक मिळेल, चाळिशी ओलांडलेल्या मधुमेही रुग्णाला दुसरे. जेथे प्रतीक्षा लांब आहे, तेथे अशा प्रौढ रुग्णाला साधारण प्रतीचे मूत्रपिंडही बहुधा डायलिसिसपेक्षा अधिक आयुष्य देते. त्या रात्री आम्ही हेच सांगावयास हवे होते.

जिवंत दात्याविषयी थोडेसे. येथे २००४ पासून अशा प्रत्येक दानास रुग्णालयाच्या नीतिविषयक समितीची लेखी अनुमती लागते. दात्याच्या दोन्ही मूत्रपिंडांची क्षमता मोजतात आणि दोहोंत फरक असेल तर अधिक चांगले दात्याकडेच ठेवतात. आपल्या मायदेशी देणारी बहुधा आई असते किंवा पत्नी. तिची पारख करताना तिच्या पुढील आयुष्याचीही पारख झाली पाहिजे. ती ‘नको’ म्हणाली तर तो तिचा अधिकार आहे.

शेवटी चार सूचना. घरात कोणी प्रतीक्षायादीत असेल तर मध्यरात्रीच्या फोनची वाट पाहू नका. आजच डॉक्टरांना विचारा, ‘वृद्ध दात्याचे मूत्रपिंड आले तर आमच्यासाठी ते योग्य ठरेल का?’ उत्तर वहीत लिहून ठेवा आणि प्रकृती बदलली की पुन्हा विचारा. ‘होटा’ला हरकत नोंदवण्यापूर्वी हे जाणून घ्या की हरकत घेणाऱ्याचा स्वतःचा क्रम यादीत मागे जातो, हरकत मागे घेतली तरी बरोबरीचा अग्रक्रम मिळण्यास दोन वर्षे लागतात. जे अद्याप कायम रहिवासी नाहीत, त्यांनाही अठरा वर्षांनंतर स्वेच्छेने अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदवता येते. आणि ‘आमचे वय झाले, आमचे कोण घेणार?’ असे ज्येष्ठांनी म्हणू नये. घ्यावे की न घ्यावे, ते तपासणी ठरवील.

त्या मुलाची आता अधूनमधून भेट होते. आम्हांस त्याने कधी बोल लावला नाही. गेल्या वर्षी त्याने आम्हांस विचारले, ‘काका, माझी आजी सत्तरीची आहे. ती इथली नागरिक आहे. तिची किडनी कुणाच्या कामी येईल का?’ या वेळी आम्ही तत्काळ उत्तर दिले: ‘येऊ शकेल. तपासून पाहतील.’